खुशालरावांच्या टपरीवरची पाटी

५ फेब्रुवारी

कमलाकांत सरांनी अखेर आज माझ्या संशोधनाच्या आराखड्यावर सही केली. इतक्यांदा परत पाठवून केली, तीही 'बघा, जमलं तर जमलं' अशा चेहऱ्यानं. विद्यापीठाला दाखवायची नोंदवही वेगळी ठेवली आहे. ही वही माझी. इथे चिडायची मोकळीक आहे आणि मला ती लागणार, हे आजच दिसतंय.

तंबाखूच्या पाकिटांवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं. ते पाहून आमची पोरं थांबत नाहीत, हे मुलाखतींमधून कळून चुकलं आहे. एकानं तर माझ्यासमोर चित्रावर अंगठा ठेवून पुडी फोडली. म्हणाला, "असं केलं का दिसतच नाई मॅडम." दुसऱ्याचं म्हणणं, "थो मानूस अठचा नाईच ना. कुठचा बाहेरचा असन." वेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, विचारलं तर सगळे हसले. एकानं कुणाकडे तरी आंब्याच्या वासाची पेनसारखी वस्तू पाहिली होती, बाकीच्यांच्या मते ते पुण्याच्या पोरांचं काम. आमच्याकडे खर्रा.

आणि खर्ऱ्याला पाकीटच नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, फळीवर घासायचा, दोऱ्यानं बांधून हातात द्यायचा. कागदोपत्री बंदी, आणि मिळतो कोपऱ्या-कोपऱ्यावर. मग इशारा छापायचा कशावर? म्हणून माझी कल्पना अशी की इशारा टपरीवरच लावायचा, पाटी करून, आणि त्यावरचा चेहरा इथलाच हवा, आपल्या वऱ्हाडातला. अमरावतीतल्या काही टपऱ्यांवर चेहऱ्याची पाटी, काहींवर तोच मजकूर पण नुसत्या अक्षरांत. नंतर पोरांना विचारायचं, कुणी किती कमी केलं. फरक दिसला तर तो चेहऱ्याचा.

आता चेहरा शोधायचा.

११ फेब्रुवारी

संघपालबरोबर अकोल्याला जाऊन आले. संघपाल माझ्यासोबत मुलाखती घेतो. आधी तो एका रुग्णालयात समाजसेवकाचं काम करायचा, त्यामुळे त्याच्या ओळखी आहेत. त्यानं जुन्या शहरातल्या रऊफभाईंकडे नेलं.

रऊफभाई गाद्या-रजया भरतात. बाहेरच्या खोलीत दुकान, आत घर. सगळीकडे कापसाचं भुसकट. गालाच्या कर्करोगात त्यांचा डावा जबडा काढला आहे. तेव्हापासून नाकाखाली चौकडीचा रुमाल बांधलेला असतो आणि तो घरातही सुटत नाही. जेवायला पडद्याआड एकटे बसतात. जीभ नीट वळत नाही, म्हणून ते जे बोलतात ते फक्त त्यांच्या बायकोला, नसीमबानोंना कळतं. त्या आपल्याला सांगतात. रऊफभाईंनी एक वाक्य बोलायचं, बाईंनी आपल्याकडे वळून ते पुन्हा बोलायचं, असा संवाद.

मी फोटोचं विचारलं. त्यांनी मान हलवली.

"हे नाई म्हनतात, मॅडम," नसीमबानो म्हणाल्या, "आन् मीबी नाईच म्हनते. लोकं काय म्हनन?"

मी माझं सगळं भाषण केलं. समाजाचं भलं, तरुण पिढी वगैरे. रऊफभाई एक जुनी गादी उसवलेली पुढ्यात घेऊन बसले होते. ती त्यांच्या मुलाची, हसनैनची. हसनैन अमरावतीत डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आहे, खोली घेऊन राहतो. नसीमबानोंची त्या गादीवरून कुरकुर चालली होती. "पोरगा वापरते थे गादी, नवा कापूस भरून दिला होता. यायनं परत आनून पुन्हा उसवली. काहून उसवली तं सांगत नाई. तवापासून असेच बसून राह्यते तिच्याकडे पाहत."

उठता उठता मी म्हणाले की पाट्या अमरावतीला, क्लासेसच्या भागात लावायच्या आहेत. रऊफभाईंनी वर पाहिलं आणि काहीतरी बोलले. नसीमबानोंनी ते आम्हाला सांगितलं नाही, तेव्हा रऊफभाईंनी तेच पुन्हा बोलून दाखवलं.

"हे हो म्हनून राहिले," त्या नाराजीनं म्हणाल्या.

परतताना संघपालला म्हटलं, पाहिलंस, नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात.

१८ फेब्रुवारी

फोटो झाला. छायाचित्रकार चांगला निघाला, गडबड केली नाही. रऊफभाईंनी रुमाल सोडला तेव्हा नसीमबानो उठून आत गेल्या. गाल आत ओढला गेला आहे आणि मांडीची कातडी तिथे लावली आहे. ओठ एका बाजूला मिटत नाहीत, त्यामुळे लाळ पुसावी लागते. डोळे मात्र फार सुंदर आहेत. हे मी इथेच लिहू शकते, प्रबंधात नाही.

नसीमबानो नंतर म्हणाल्या, "पोरानं बी नाई पाह्यलं अजून. दवाखान्यातून आले तवा त्यानं मान फिरवली. यायनं थेच मनावर घेतलं. तवापासून रुमाल."

घरी येऊन जेवताना लॅपटॉपवर फोटो निवडत बसले होते. आई म्हणाली, "चारुता, ते बंद कर आधी. मला घास उतरत नाहीये." मी तिला सांगितलं की याचाच तर उपयोग आहे.

३ मार्च

सरांच्या टेबलावर चिठ्ठ्या काढल्या. टपऱ्यांची नावं एका स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या डब्यात 'चेहरा' आणि 'अक्षरं'. शिपायाला बोलावून त्याच्या हातानं काढल्या, म्हणजे आमच्यावर कुणी बोट ठेवायला नको. सर म्हणाले, "एकदा चिठ्ठी निघाली की देव आला तरी बदल करायचा नाही." हे त्यांचं मला आवडतं.

डॉक्टरकीच्या एका क्लासच्या मागच्या गल्लीत खुशालरावांची टपरी आहे, तिला 'अक्षरं' निघाली. त्या बाजूला एकही चेहरा आला नाही. सगळे चेहरे राजापेठेकडे आणि बसस्थानकाच्या अंगाला गेले.

७ मार्च

संमतीपत्रावर रऊफभाईंची एक सही राहिली होती, म्हणून पुन्हा अकोला. रमजान सुरू आहे. नसीमबानोंचा रोजा, तरी मला सरबत करून दिलं आणि मी संकोचून प्यायले.

रऊफभाईंनी विषय काढला. नसीमबानो वैतागून सांगत होत्या, "हे म्हनतात, हसनैनच्या क्लासमागं खुशालरावची टपरी हाये, त्याच टपरीवर माहा फोटो लावा. गादी पोचवायले गेले होते तवा पाहून आले म्हने. मी म्हनते, बिलकूल नोको! पोराच्या दोस्तायनं पाह्यलं तं पोराची काय इज्जत राहीन?"

मग दोघांचं जुंपलं. एकीकडून स्पष्ट शब्द, दुसरीकडून घोगरा आवाज. मी मधे पडून चिठ्ठ्यांचं समजावलं. त्या टपरीवर अक्षरांची पाटी ठरली आहे आणि आता बदल होत नाही. नसीमबानोंनी अल्लाचे आभार मानले. रऊफभाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

मला आधी वाटायचं की हा माणूस संकोची आहे. आता वाटतं, थोडी हौसच आहे. मुलाच्या गल्लीत आपला फोटो झळकावा, असं. असू दे, कुणाला नसते? चिठ्ठीनं आपोआप प्रश्न सोडवला.

१७ मार्च

सगळ्या पाट्या लागल्या. 'हे अकोल्याचे. खर्ऱ्यानं यांचा जबडा गेला.' वर चेहरा. राजापेठेत एका टपरीसमोर पोरं पाटी पाहून चक्क गप्प झाली. एक जण म्हणाला, "माह्या मावसाजीसारखा दिसते बे." मला आनंदानं नाचावंसं वाटलं.

खुशालरावांकडे अक्षरांची पाटी लावली. साठीचे आहेत, बोलके. खर्रा घासायचा हात थांबत नाही आणि पुडी बांधायला निळा दोरा. रीळ समोरच खिळ्याला टांगलेलं. म्हणाले, "बाकी सारे पांढरा नाई तं लाल वापरते. माहा माल दुरून वयखू आला पाहिजे."

२५ मार्च

खुशालरावांच्या टपरीवर पोरांच्या मुलाखती. आमच्याकडे एक सोपी चाचणी आहे. हाताची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात उभी घालायची. गेली नाहीत तर तोंड आवळत चाललं आहे असं समजायचं. पोरांना तो खेळच वाटतो, एकमेकांची बोटं घालून पाहतात. तिखटानं जळजळ होते का, हाही प्रश्न असतो.

एक उंच, चष्मेवाला पोरगा होता, चांगल्या घरचा दिसत होता. खर्ऱ्याची पुडी घेतली, पण बोटांचं म्हटल्यावर "मले उशीर होऊन राहिला" म्हणत सटकला. बाटलीतलं पाणी पितानासुद्धा ओठ धड उघडत नव्हता, नळी लावल्यासारखं ओढत होता. उद्धट. त्याचा कागद अर्धवट म्हणून बाजूला काढला.

२ एप्रिल

ईद परवा झाली. संघपाल आणि मी शीरखुर्मा खायला अकोल्याला. एवढे कष्ट दिलेत त्यांना, भेटायला जायलाच हवं होतं.

हसनैन आदल्या दिवशीच परत गेला होता, त्यामुळे भेट नाही. त्याच्याबद्दल मात्र नसीमबानो थांबेनात. "पोरगा अमरावतीवाला होऊन गेला, मॅडम! पयले माह्या हातचा तिखट सालन असा वरपत होता. आता म्हनते, अम्मी, मिरची नको, तोंड जळते. मेसचं खाऊन खाऊन जीभ नाजूक झाली त्याची. रोटी बी मोडून मोडून, भिजवून खाते. साहेब होईन ना आता, म्हनून साहेबासारखा जेवते." त्या हसत होत्या, मीही हसले.

रऊफभाई हसले नाहीत. त्या बोलत असताना ते सारखे माझ्याकडे पाहत होते, अगदी टक लावून. पाट्या लागल्या का, हे विचारायचं असावं. मी त्यांना मोबाइलवर राजापेठेचा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि मोबाइल परत दिला.

११ एप्रिल

आज एक विचित्र प्रकार झाला. रऊफभाई एकटेच विद्यापीठात आले. अकोल्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथून ऑटो, विचारत विचारत. विचारलं तरी कसं असेल, देव जाणे. माझ्या टेबलासमोर बसले आणि बोलू लागले.

मला कळलं नाही. 'टपरी' कळलं, 'पोरगा' कळलं, एकदा 'अल्ला'. बाकी सगळा घोगरा आवाज. मी एकदा विचारलं, "काय म्हणालात?" त्यांनी पुन्हा सांगितलं, रुमालाआडून, घाम पुसत. पुन्हा विचारायची मला लाज वाटली. माणूस इतक्या कष्टानं बोलतोय आणि आपण सारखं काय, काय करायचं. शिवाय बारा वाजता सरांकडे बैठक. मी मान हलवत राहिले. शेवटी म्हटलं, "हो रऊफभाई. हो. बघते मी."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते. मग छातीला हात लावून निघून गेले. माझ्या कामावर एका माणसाचा इतका जीव आहे, हे पाहून मलाही भरून आलं.

संध्याकाळी नसीमबानोंना फोन केला, ते नीट पोचले का विचारायला. त्या म्हणाल्या, "हे तं अकोटले गेले होते कापूस आनायले. काहून?" मी काहीतरी सांगून ठेवून दिला. नवरा-बायकोच्या भानगडीत मी कशाला पडू?

२४ एप्रिल

सकाळी खुशालरावांचा फोन. "मॅडम, तुमच्या राजापेठेच्या पाटीवरचा मानूस अठी येऊन बसला. तोंड उघडं टाकून. गिऱ्हाइकं पाहून पाहून वापस जाऊन राहिले. तुमी या अन् घेऊन जा त्याले."

मी भयंकर चिडले. अक्षरांच्या टपरीवर खुद्द चेहराच येऊन बसला म्हणजे त्या टपरीचे सगळे आकडे गेले. स्कूटी दामटली.

रऊफभाई टपरीपुढच्या बाकावर बसले होते. रुमाल घडी करून मांडीवर. रस्त्यानं जाणारे वळून पाहत होते आणि ते मान खाली घालत नव्हते. मी गेल्या गेल्या सुरू झाले. हे असं चालत नाही, माझं एवढ्या दिवसांचं काम वाया जाईल, तुम्हाला सांगितलं होतं ना की इथे अक्षरांचीच पाटी.

ते बोलले. मला कळलं नाही. मी चरफडत खुशालरावांकडे पाहिलं, तर ते घासता घासता म्हणाले, "म्हनते, मी तुमाले सांगतलं होतं."

"तुम्हाला कळतं यांचं?"

"माह्या टपरीवर अर्धे लोकं तोंडात बार भरूनच बोलते, मॅडम. मले सारं समजते."

मी बाकावर बसले. रऊफभाई थोडं थोडं बोलत, खुशालराव मागून सांगत.

"म्हनते, विद्यापीठात येऊन सांगतलं. तुमी हो म्हनल्या. म्हनून म्या वाट पाह्यली. काल येऊन पाह्यलं तं फोटो नाई."

"म्हनते, पोराची गादी भरायले घेतली. खोळ उसवली तं आतून पन्न्या निंगाल्या. गाठीच्या गाठी. साऱ्या निळ्या दोऱ्याच्या."

खुशालराव थांबले. त्यांचा हात फळीवर तसाच राहिला. समोर खिळ्याला निळं रीळ होतं.

"पुढे," मी म्हणाले.

"म्हनते... ईदले पोरगा तिखट खाईना. माहंबी असंच सुरू झालतं. म्हनते, बायकोले सांगू शकत नाई, थे खाटेवर पडन. अन् बायकोबिगर माहं बोलनं कोनाले समजत नाई. सांगू कोनाले? म्हनून तुमच्याकडे आलतो." खुशालरावांनी तोंडातला बार बाजूला थुंकला आणि हातानंच ओठ पुसले. "म्हनते, पोरासमोर तोंड उघडं करायची माहीच हिंमत नाई झाली. घरी त्यानं एकडाव मान फिरवली. पुन्हा फिरवली तं? म्हटलं, फोटो लावतीन. फोटोकडे तरी पाहीन थो."

मग रऊफभाई शेवटचं एक वाक्य बोलले आणि ते खुशालरावांनी सांगितलं नाही. मी विचारलं. ते फळीकडे पाहत म्हणाले, "मले म्हनते. म्हनते, भाऊ, तुमचा राग नाई. माह्या पोराले देऊ नका फक्त."

क्लास सुटला तशी पोरं गल्लीत आली. त्यांत तो उंच चष्मेवाला. त्यानं बाकाकडे पाहिलं आणि तिथेच थांबला. बाकीचे पुढे येऊन मागे सरकले. एकानं हळूच विचारलं, "कोन होय बे हा?"

मला वाटलं, आता हा वळणार आणि निघून जाणार. रऊफभाईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांचा हात मांडीवरच्या रुमालाकडे गेला.

"माहे अब्बा होय," तो म्हणाला.

तो येऊन बापाशेजारी बसला. मग रऊफभाईंनी हाताची तीन बोटं उभी करून त्याच्यासमोर धरली. डॉक्टरांनी कधीतरी त्यांनाही हीच करायला लावली असतील. हसनैननं नकाराची मान हलवली. त्यांनी बोटं तशीच धरून ठेवली. शेवटी त्यानं स्वतःची बोटं तोंडाशी नेली. दोन कशीबशी गेली, तिसरं दातांवर अडलं. तो तसाच बसून रडायला लागला, आणि रऊफभाईंनी तो रुमाल त्याचं तोंड पुसायला दिला.

खुशालरावांनी फळी धुऊन भिंतीला उभी करून ठेवली. उद्या ती पुन्हा आडवी होईल, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं, कारण माझ्याशी बोलताना ते वर पाहत नव्हते.

२५ एप्रिल

काल रात्रभर हीच वही मागून पुढे वाचली. सगळं इथे लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. गादी, मिरची, भिजवून खाल्लेली रोटी, नळी लावल्यासारखं पाणी पिणारा पोरगा. हेच प्रश्न मी पोरांना विचारत फिरते आहे आणि शीरखुर्मा खाताना हसले.

पण खरी लाज त्याची नाही वाटत. न कळणं होतं माणसाकडून. मला कळलं नव्हतं आणि मी हो म्हणाले, याची वाटते. 'परत सांगा' एवढंच म्हणायचं होतं. तो माणूस दहादा सांगायला तयार होता. तेवढ्यासाठीच तर आला होता तो.

३० एप्रिल

हसनैनला दाखवलं. संघपालच्या ओळखीच्या दंतवैद्यांनी नीट तपासलं. कर्करोग नाही. गालाच्या आतली कातडी कडक होत चालली आहे. खर्रा आजपासून बंद केला, व्यायाम केला, औषधं घेतली तर बराच सुधारेल, पण तोंड पूर्वीसारखं पूर्ण उघडेलच असं नाही. आणि पुन्हा सुरू केला तर पुढे काय होतं, ते सांगायला डॉक्टरांना शब्द लागले नाहीत. रऊफभाई शेजारीच बसले होते.

नसीमबानोंना आता सगळं सांगावंच लागलं. त्या खाटेवर पडल्या नाहीत. दवाखान्याबाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि विचारलं, "तुमाले माईत होतं?"

मी म्हटलं, "त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मग म्हणाल्या, "हे माह्यासमोर बोलू नाई शकले. मी मधात होती. त्यायचं सारं बोलनं मीच बोलत होती ना."

६ मे

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ती टपरी वगळून टाक. तळटीप दे. बाकीचे आकडे उत्तम येतायत, चेहऱ्यानं फरक पडतोय असं दिसतं." खरंच उत्तम येतायत. महिन्याभरापूर्वी मी पेढे वाटले असते.

मी म्हटलं, तळटिपेत काय लिहू? सहभागी व्यक्तीचं बोलणं संशोधिकेला समजलं नव्हतं, तरी तिनं समजल्याचं दाखवलं, असं लिहू?

"असं प्रबंधात लिहीत नाहीत, चारुता."

कसं लिहितात ते मला माहीत आहे. 'अपरिहार्य कारणास्तव.' तसं लिहायला हात होत नाही. सर तीनदा परत पाठवतील, पाठवू देत.

११ मे

अकोल्याला एकटीच गेले. फोटो काढून टाकायचे का, हे रऊफभाईंना विचारायचं होतं. त्यांना हवं असेल तर सगळ्या पाट्या उतरवायच्या, असं मी ठरवूनच गेले होते.

हसनैन घरी होता. परीक्षा दिली, पेपर बरा गेला म्हणाला. बोलताना जबडा ताणायचा व्यायाम करत होता, मधेच दुखलं की थांबायचा. पन्नीची आठवण रोज येते, हेही त्यानंच सांगितलं, आईसमोर. दुकानात गादी नव्यानं भरून, शिवून उभी ठेवली होती.

जेवणाची वेळ झाली. पडदा बाजूला सारून खिळ्याला अडकवलेला होता. रऊफभाई रुमाल न बांधता बसले, शेजारी हसनैन, मधे एकच ताट. पातळ खिचडी, मिरचीविना. बापाचा घास ओठातून निसटला की हसनैन न बोलता पुसून घ्यायचा, आणि स्वतः अर्धा चमचा तोंडात सरकवायचा. नसीमबानो वाढत होत्या.

मी पाट्यांचं विचारलं. रऊफभाई माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. मी सवयीनं नसीमबानोंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून ताटात वाढत राहिल्या, सांगितलं नाही.

"परत सांगा," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. मला कळलं नाही.

"परत सांगा, रऊफभाई."

हसनैन तोंड उघडणार होता, त्याला आईनं हातानं थांबवलं. रऊफभाईंनी चमचा ताटात ठेवला, लाळ पुसली आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. याआधी मी तिकडे कधी इतका वेळ पाहिलं नव्हतं, फोटोत पाहिलं होतं.

पाट्या राहू द्या, म्हणत होते. आणि जेवून जा.

नसीमबानोंनी माझ्यासाठी ताट घेतलं. "बिनतिखटाचं हाये बेटी, चालन ना?" म्हणाल्या. मी बसले.